समुद्रकांसवाची शुश्रूषा

पावसाळ्यांत पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर एखादें मोठें समुद्रकांसव लाटांबरोबर येऊन पडलेलें आढळतें. पाठीवर शेवाळ माजलेलें, चुन्यासारख्या कठीण कवचाचे बारीक प्राणी जागोजाग चिकटलेले, डोळे खोल गेलेले, पुढचा एक पाय जाळ्याच्या दोरानें कांचलेला, अशी त्याची अवस्था असते. बघ्यांची गर्दी जमते. बिचारें पाण्यावांचून तडफडत आहे असें वाटून चारदोन भले गृहस्थ त्यास उचलतात, पुन्हां समुद्रांत लोटतात आणि पुण्य पदरीं पडल्याच्या समाधानानें घरीं जातात. हेतु चांगला; परंतु त्या प्राण्यास याहून मोठा अपाय दुसरा करतां येणार नाहीं.

कांसव हा मासा नव्हे. त्यास कल्ले नाहींत. तें फुप्फुसांनीं श्वास घेतें. निवांत पडून असलें तर तें पाण्याखालीं कांहीं तास राहूं शकतें, कारण अशा वेळीं त्याच्या हृदयाचें काम मंदावतें व प्राणवायु थोडा लागतो. तेंच जाळ्यांत अडकून धडपडूं लागलें कीं सांठविलेला प्राणवायु लवकर संपतो, रक्तांत अम्ल सांठतें, आणि सारें आयुष्य पाण्यांत काढलेला हा प्राणी पाण्यांतच बुडून मरतो. अंडीं घालावयास येणारी मादी सोडली तर धडधाकट समुद्रकांसव आपल्याकडील किनाऱ्यावर सहसा येतच नाहीं. तेव्हां वाळूवर पडलेलें कांसव दमलेलें, उपाशी, जखमी किंवा आजारी आहे असेंच धरून चालावें. पोहण्याची व डोकें वर काढून श्वास घेण्याची शक्ति उरली नाहीं म्हणूनच लाटांनीं त्यास बाहेर टाकिलेलें असतें. त्याला पुन्हां लाटांत लोटणें म्हणजे कसाबसा कांठाला लागलेल्या बुडत्या माणसाला परत आंत ढकलण्यासारखें आहे.

करावयाचें तें यापेक्षां सोपें आहे. सावली करावी. पाठीवर ओलें फडकें घालावें, मात्र नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्या. कुत्र्यांना व पोरांना लांब ठेवावें. त्यास उताणें करूं नये, पाणी पाजूं नये, तोंडाशीं हात नेऊं नये, आणि वनखात्यास तांबडतोब वर्दी द्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत समुद्रकांसवांचा समावेश आहे. त्यामुळें दया म्हणून देखील तें घरच्या हौदांत नेऊन ठेवणें हा गुन्हा होतो.

कोंकणच्या किनाऱ्यावर मुख्यतः आढळणाऱ्या कांसवाचें नांव ऑलिव्ह रिडले. पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा करडा-हिरवा, म्हणून हें नांव पडलें. पूर्ण वाढीचें कांसव साधारण ३५ ते ४५ किलो भरतें. साऱ्या जगांत समुद्रकांसवांच्या सात जाती आहेत व त्यांपैकीं पांच भारताच्या समुद्रांत आढळतात. विष्णूच्या दुसऱ्या अवतारामुळें आणि देवळाच्या सभामंडपांतील दगडी कांसवामुळें हा प्राणी महाराष्ट्रांत घरोघरीं ओळखीचा आहे. संतकवींनीं तर कांसवी केवळ दृष्टीनें पिल्लांचें पोषण करते असा दृष्टांत वारंवार दिला आहे. दृष्टांत म्हणून तो गोड आहे यांत शंका नाहीं. वस्तुस्थिति मात्र निराळी. समुद्रकांसवाची मादी रात्रीं वाळूंत हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशें अंडीं घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रांत निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनीं पिल्लें आपलीं आपण बाहेर येतात व पाण्याकडे धांव घेतात. आईची व त्यांची दृष्टादृष्ट होतच नाहीं.

मंडणगड तालुक्यांतील वेळास या गांवीं, म्हणजे नाना फडणविसांच्या मूळगांवीं, चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ सालापासून अंड्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें आणि २००६ पासून तेथें कांसव-महोत्सव भरूं लागला. त्यामुळें पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांनीं पिल्लांची ती धांव डोळ्यांनीं पाहिली आहे. थोरल्या, जखमी कांसवांचें काय होतें हें मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतें.

इजा होण्याचें पहिलें कारण जाळें. जाळें फाटलें म्हणून टाकून दिलें किंवा वादळांत तुटून वाहून गेलें, तरी त्याचें धरण्याचें काम थांबत नाहीं. पूर्वींचीं सुताचीं व सणाचीं जाळीं कांहीं काळानें कुजून जात. नायलॉन कुजत नाहीं. त्यानें कोळ्याचा खर्च वांचविला, पण तो समुद्राच्या खात्यावर चढविला. असें बेवारशी जाळें वर्षानुवर्षें तरंगत राहतें. त्याच्या आश्रयास लहान मासे येतात, त्यांच्यामागें कांसव येतें, आणि त्याचा वल्ह्यासारखा पुढचा पाय फांसांत सांपडतो. सुटण्यासाठीं तें जितकें ओढतें तितका दोर मांसांत रुततो. शेवटीं हाड उघडें पडतें. यांशिवाय ट्रॉलरच्या जाळ्यांत बुडणें, मच्छीमारांचे गळ गिळणें, नौकेच्या पंख्यानें पाठ फुटणें हेहि प्रकार आहेत.

प्लास्टिकच्या पिशवीची गोष्ट अलीकडे पुष्कळांच्या कानांवर आली आहे. पाण्यांत तरंगणारी पिशवी जेलीफिश या प्राण्यासारखी दिसते, म्हणून कांसव ती खातें, असें सांगतात. तें खरें आहे, पण अपुरें आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, समुद्रांत बराच काळ राहून ज्यावर सूक्ष्म जीवांचा थर चढला आहे अशा प्लास्टिकचा वास आल्याबरोबर कांसवें, अन्नाचा वास यावा तशीं, नाक वर काढून शोध घेऊं लागतात. म्हणजे डोळेच नव्हेत, तर नाकहि फसतें. त्यांतून निसर्गानें कांसवाच्या अन्ननलिकेंत मागें वळलेल्या कांट्यांच्या रांगा बसविल्या आहेत. गिळलेला निसरडा प्राणी निसटूं नये आणि जादा खारें पाणी तेवढें बाहेर टाकतां यावें, ही त्यांतील योजना. परंतु त्याच रचनेमुळें एकदां आंत गेलेली पिशवी ओकून टाकणें त्यास फार कठीण जातें.

डहाणू येथें वनखातें व एक स्थानिक प्राणिमित्र संस्था यांनीं मिळून चालविलेलें कांसवांचें शुश्रूषाकेंद्र आहे. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेलीं कांसवें तेथें आणिलीं जातात. अशा केंद्रांत रोगी आला म्हणजे प्रथम त्याला पाण्यांत सोडावें, अशी पाहणाऱ्याची अपेक्षा असते. वैद्य तसें करीत नाहींत. अशक्त कांसवास कोरड्या जागीं, ओल्या फडक्यांवर किंवा मऊ गादीवर ठेवितात आणि सुईनें शरीरांत द्रव भरतात. कारण चोहोंकडे पाणी असूनहि तें तहानेनें कोरडें पडलेलें असतें. समुद्राचें पाणी पिऊन जमलेलें जादा मीठ निरोगी कांसव डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतें. मादी अंडीं घालतांना अश्रु ढाळते असें जें म्हणतात, तें हेंच. आजारी कांसवाच्या या ग्रंथींचें काम बिघडतें. थोडी शक्ति आली म्हणजे त्यास कांहीं काळ गोड्या पाण्यांत ठेवितात. त्यानें अंगावर चिकटलेले खाऱ्या पाण्याचे उपरे प्राणी मरून गळून पडतात.

मग क्ष-किरणांनीं पोटांतील गळ व फुटलेलें हाड पाहावयाचें. दोरी गिळलेली असून तिचें टोंक तोंडांतून किंवा गुदद्वारांतून लोंबत असेल, तर ती ओढून काढण्याचा मोह अनाडी माणसास होतो. ती ओढल्यास आंतडें नाडी ओढलेल्या पिशवीसारखें चुण्या पडून गोळा होतें व कापलें जातें. अशा वेळीं शस्त्रक्रिया हाच उपाय. पाठीचें कवच ही कांहीं डोक्यावर घ्यावयाची पेटी नव्हे. कणा व बरगड्या त्याला आंतून जुळलेल्या असतात, त्यांत रक्त खेळतें, आणि तें फुटलें म्हणजे कांसवास वेदना होतात. फुटलेले तुकडे तारा व पट्ट्या लावून जोडतात. उघड्या जखमांवर कित्येक ठिकाणीं मधाची पट्टी बांधतात. आजीबाईच्या बटव्यांतील हें औषध मोठमोठ्या रुग्णालयांतूनहि वापरांत आहे, हें पाहून कोणासहि गंमत वाटेल.

कांसवाच्या वैद्याला सर्वांत अधिक कशाची गरज असेल तर ती धीराची. हा प्राणी थंड रक्ताचा. त्याच्या शरीरांतील सर्व क्रिया सावकाश चालतात, तसें बरें होणेंहि सावकाशच. सेफ्टाझिडिम नांवाचें जंतुनाशक औषध माणसाला दिवसांतून दोनतीनदां टोंचावें लागतें. तेंच कांसवाला तीन दिवसांतून एकदां पुरतें. जखम भरावयास महिने लागतात, कधीं वर्ष उलटतें. तोंवर रोज मासळी, माकूळ, खेकडे खाऊं घालावयाचे, हौदाचें पाणी बदलावयाचें, वजन टिपून ठेवावयाचें. यांत वर्तमानपत्रांत छापण्याजोगें कांहीं घडत नाहीं.

पाण्यांत सोडल्यावर कांसव तरंगतच राहिलें, बुडी मारतां येत नसली, तर तें मोठें अशुभ लक्षण समजतात. फुप्फुसास सूज, आंतड्यांत वायु, किंवा नौकेच्या आघातानें कवचाखालीं कोंडलेली हवा, अशीं त्याचीं कारणें असतात. पहिल्या दोन प्रकारांवर औषध चालतें. तिसऱ्या प्रकारांत मागचा भाग कायमचा वर उचललेला राहतो. अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या दक्षिण टोंकास असलेल्या बेटांपैकीं मॅरेथॉन येथें रिची मोरेटी नांवाच्या एका गृहस्थानें १९८६ सालीं आपल्या मोटेलच्या जोडीला कांसवांचें रुग्णालय काढिलें. तेथें अशा कांसवांच्या पाठीवर वजनें चिकटवितात, म्हणजे त्यांना समतोल पोहतां येतें. परंतु कवच वाढतें तसे त्याचे पापुद्रे सुटतात व त्यांबरोबर वजनेंहि गळून पडतात. तीं पुन्हां बसविण्यास समुद्रांत कोण जाणार? म्हणून अशीं कांसवें जन्मभर हौदांत राहतात. याच रुग्णालयांत हिरव्या कांसवांच्या अंगावर फुलकोबीसारख्या वाढणाऱ्या गांठी कापून काढण्याचें काम मोठ्या प्रमाणावर झालें आहे. हा रोग १९३८ सालीं प्रथम शास्त्रीय ग्रंथांत नोंदला गेला. एका विषाणूशीं त्याचा निकट संबंध आहे. डोळ्यांवर गांठी आल्या म्हणजे कांसव आंधळें होतें व उपाशी मरतें. त्या काढल्या तर तें पुन्हां पाहूं लागतें. मात्र गांठी पोटांतहि असल्या तर इलाज नसतो, आणि मग वैद्याला त्यास शांतपणें मरण देण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

जखम नाहीं, रोग नाहीं, तरीहि शेंकडों कांसवें एकदम मरणाच्या दारीं येतात, असाहि एक प्रकार आहे, तो थंडीचा. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर केप कॉड नांवाचें एक भूशिर गळाच्या आंकड्यासारखें वळून समुद्रांत गेलेलें आहे. उन्हाळ्यांत लहान कांसवें चरत चरत उत्तरेकडे येतात आणि या आंकड्याच्या आंतील उपसागरांत शिरतात. शरद् ऋतूंत पाणी गार होऊं लागलें कीं त्यांना दक्षिणेस जावयाचें असतें. परंतु दक्षिणेस जमीन आडवी येते, आणि आधीं उत्तरेस जाऊन मग वळसा घ्यावा हें त्यांना उमजत नाहीं. पाणी १० अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेलें कीं त्यांचें अंग बधिर होतें व वारा त्यांना किनाऱ्यावर आणून टाकतो. नोव्हेंबर-डिसेंबरांत तेथील स्वयंसेवक प्रत्येक भरतीनंतर, रात्रींबेरात्रीं, बर्फाळ वाऱ्यांत किनारा पालथा घालतात. कांसव सांपडलें कीं त्यास भरतीच्या रेषेवर ओढून वाळक्या शेवाळानें झांकतात, मग केळ्यांच्या खोक्यांत घालून मोटारींतून नेतात. आणि मोटारींतील शेगडी मुद्दाम बंद ठेवितात. कारण कांसव एकदम तापविलें तर तें मरतें. बॉस्टनजवळ क्विन्सी येथील रुग्णालयांत त्याचें उष्णतामान दिवसाला सुमारें ५ अंश फॅरनहाइट एवढेंच वाढवितात.

या कांसवांपैकीं कित्येकांचें हृदय मिनिटास एखादाच ठोका देत असतें. हात लावला तर दगडासारखें गार, डोळ्यांस बोट लावलें तरी हालचाल नाहीं. म्हणून तेथील वैद्य कांसव गरम होईपर्यंत त्यास मेलेलें म्हणत नाहींत, आणि मेलेलें समजून बाजूस ठेवलेलें कांसव जिवंत निघाल्याचीं उदाहरणें आहेत. २०१४ च्या हंगामांत तेथें बाराशेंहून अधिक कांसवें किनाऱ्यास लागलीं. त्यांतील बहुतेक केम्प्स रिडले या जातीचीं, म्हणजे आपल्या ऑलिव्ह रिडलेच्या सख्ख्या बहिणी. या जातीचें मुख्य माहेर मेक्सिकोंतील रांचो न्युव्हो हा किनारा. १९४७ सालीं तेथें घेतलेल्या एका चित्रपटावरून एकाच दिवशीं सुमारें ४०,००० माद्या अंडीं घालावयास आल्याचा अंदाज केला गेला. १९८५ च्या सबंध हंगामांत मात्र ७०२ घरटीं मिळालीं. पुढें रक्षणामुळें ही संख्या कांहींशी सांवरली. अशा जातीचें एकेक पोर खोक्यांत घालून कां आणावें, हें या आंकड्यांवरून ध्यानांत येईल. २०२१ च्या फेब्रुवारींत टेक्ससवर असाच थंडीचा घाला पडला, तेव्हां साउथ पाद्रे बेटावरील एका सभागृहाच्या फरशीवर बधिर झालेलीं हजारों कांसवें ओळीनें मांडून ठेवावीं लागलीं. गांवांत वीज नव्हती, लोकांच्या घरांत पाणी नव्हतें, तरी नावाडी नावा घेऊन कांसवें वेंचावयास गेले.

येथें कोणीहि विचारील, आणि विचारणें रास्त आहे, कीं हजार पिल्लांतून एखादेंच मोठें होतें असें जेथें सांगतात, तेथें एका कांसवावर वर्षभर खर्च करून काय साधतें? याचें उत्तर त्या हिशेबांतच आहे. १९८७ सालीं डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर व हॅल कॅसवेल या तिघां शास्त्रज्ञांनीं लॉगरहेड जातीच्या कांसवांचें गणित मांडिलें. त्यांतून निघालें तें असें कीं, किनाऱ्यावरचें प्रत्येक अंडें वांचविलें तरी, मोठीं होत आलेलीं कांसवें समुद्रांत मरत राहिलीं तर ती जात घटतच जाईल. बालपणाचीं सारीं संकटें पार करून आलेलें कांसव थोड्याच वर्षांत अंडीं घालूं लागणार असतें. त्याचें मोल पिल्लांच्या मोलानें करतां येत नाहीं. वेळासचें काम त्यामुळें हलकें ठरत नाहीं, पण डहाणूचें काम केवळ भूतदयेचें नव्हे एवढें स्पष्ट होतें.

या गणिताचा पहिला उपयोग रुग्णालयांपेक्षां जाळ्यांत झाला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या गळ्याशीं गजांची एक तिरपी जाळी बसवितात. कोळंबी गजांमधून मागें जाते आणि कांसव गजांवरून सरकत वरच्या झडपेंतून बाहेर पडतें. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेनें भारतीय जाळ्यांस योग्य असा तिचा प्रकार तयार केला आहे. तिचा वापर नीट होत नाहीं या कारणावरून २०१९ सालीं अमेरिकेनें भारताच्या समुद्रांत धरलेल्या कोळंबीची आयात थांबविली. कोळ्यांचें म्हणणें असें कीं, झडपेंतून मासळीहि निसटते. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे, आणि किनाऱ्यावर बसून त्यांना उपदेश करणें सोपें आहे. जाळें हें कोळ्याचें भांडवल असतें. त्यांत कांसव गुरफटलें म्हणजे तें भांडवल स्वतःच्या कोयत्यानें कापावयाचें, ही मागणी लहान नव्हे. महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं जाळें कापणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. कायद्याच्या धाकापेक्षां हा मार्ग अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

जाळ्यांतून निघालेलें कांसव निश्चल असलें तरी कोळ्यानें तें लगेच समुद्रांत टाकूं नये. पोटावर, सुलटें ठेवून त्याचा मागचा भाग वीतभर उंच करावा, म्हणजे फुप्फुसांतलें पाणी गळून येतें. सावली द्यावी, पाठ ओली ठेवावी, अधूनमधून एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर हलकेंच डोलवावें. शुद्धीवर येण्यास चार तास लागतात, कधीं चोवीसहि.

बरें झालेलें कांसव परत कधीं सोडावें? तें खोल बुडी मारून तळाशीं बसूं शकतें काय, जिवंत खेकडा स्वतः धरतें काय, वजन भरलें काय, रक्त शुद्ध आहे काय, हें पाहतात. पुढचा एक पाय गमावलेलें कांसवहि पुष्कळदां समुद्रांत निभावतें, म्हणून त्यास सोडतात. दोन्हीं पुढचे पाय गेले तर मात्र सोडतां येत नाहीं. जपानांतील कोबे येथील मत्स्यालयांत अशाच एका लॉगरहेड मादीस कृत्रिम पाय बसविण्याचे प्रयत्न झाले. २०१३ सालीं सत्ताविसावा नमुना तिला चढविला गेला. त्या चिकाटीचें कौतुक करावें तितकें थोडें, पण समुद्रांत ते पाय पुरते ना.

सोडतांना कांसवाच्या पायास क्रमांकाचा बिल्ला लावतात. या बिल्ल्याचें महत्त्व कोंकणांत नुकतेंच दिसून आलें. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना सांपडली. पूर्व किनाऱ्याचीं कांसवें व पश्चिम किनाऱ्याचीं कांसवें निराळीं, हा समज त्यामुळें ढिला पडला आहे. त्याआधीं २०२२ सालीं वेळास येथें प्रथमा नांवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारें यंत्र बसविलें होतें. पुढील वर्षीं गुहागरहून सोडलेली बागेश्री तर लंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरांत गेली.

परंतु वर्षानुवर्षें हौदांत राहिलेल्या कांसवास समुद्र आठवतो काय, हा प्रश्न राहतोच. १९९७ सालीं एका जपानी मच्छीमार नौकेनें दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउनच्या मत्स्यालयांत पाठीला जखम झालेलें एक लॉगरहेड पिल्लूं आणून दिलें. जेवणाच्या ताटाएवढें तें पिल्लूं दोन किलो वजनाचें होतें. त्याचें नांव योशी ठेविलें. योशी वीस वर्षें तेथें राहिली, १८३ किलोंची झाली. तिला सोडावयाचें ठरल्यावर हौदांत लांब पल्ल्याचें पोहण्याची संवय महिनोन्महिने करून घेतली, आणि १६ डिसेंबर २०१७ रोजीं पाठीवर यंत्र बसवून तिला खुल्या समुद्रांत सोडलें. प्रथम ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानें वर गेली, मग परत फिरली, केपला वळसा घातला आणि सरळ पूर्वेची वाट धरली. सुमारें ३७,००० किलोमीटर पोहून २०२० च्या आरंभीं ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पोंचली. त्या भागांत लॉगरहेड कांसवें अंडीं घालतात.